जिभेवर पहारा : मंडळीत नव्यानं आलेल्यांसाठी

नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारा तरुण आमच्या शुक्रवारच्या वर्गाला यायला लागला, तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याला तीन महिने झाले होते. वर्ग संपून सगळे चपला घालत होते. तो मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "ताई, दारू सुटली, गुटखा सुटला. तोंड मात्र अजून सुटतंच."

हा लेख त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे. मंडळी, म्हणजे आपलं चर्च, शरणपूरची असो, नाशिकरोडची असो, की सातपूरला कुणाच्या तरी हॉलमध्ये भरणारी वीस माणसांची असो, नवीन माणसाला आपण उपासनेची वेळ सांगतो, बायबल देतो, गीतांचं पुस्तक हातात ठेवतो. बोलण्याविषयी मात्र जवळ बसवून फारसं कुणी सांगत नाही. खरं तर बायबलच्या नव्या करारात याकोबानं आपल्या पत्राचा तिसरा अध्याय जवळजवळ अर्धाअधिक जिभेवरच खर्च केला आहे. घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, असे दाखले तो एकामागून एक देतो. त्याला वाचक घाबरवायचे नव्हते. मंडळ्या कशानं मोडतात ते त्यानं पाहिलं होतं.

खालच्या पायऱ्या क्रमानं घ्या. घाई करू नका, एकेकीला आठवडा-दोन आठवडे लागू द्या.

पहिली पायरी : आठवडाभर फक्त ऐका, स्वतःला

पहिल्या आठवड्यात काही बदलायचं नाही. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. जिथे जिथे तोंडून नको ते गेलं, तिथे तीन गोष्टी लिहा : किती वाजले होते, समोर कोण होतं, आणि पोटात काय चाललं होतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. अंतःकरणात जे भरलेलं असतं तेच तोंडावाटे बाहेर येतं, असं प्रभू येशूनं मत्तयाच्या बाराव्या अध्यायात सांगितलं आहे. म्हणजे जीभ धुऊन उपयोग नाही, विहिरीत काय पडलंय ते आधी बघायला हवं.

त्या तरुणाची वही मी पाहिली. त्याला वाटत होतं, आपण सुपरवायझरमुळे शिव्या देतो. वहीत सुपरवायझर दोनदाच आला होता. बाकी सगळ्या नोंदी पहिली पाळी सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासातल्या होत्या, गावाकडून पैशांसाठी फोन आल्यावरच्या. शिवी खायचा कुणीतरी रिक्षावाला, आणि दुखत असायचं भलतंच. हे कळल्यावर त्याची प्रार्थना बदलली. "माझं तोंड सुधार" म्हणायच्या ऐवजी तो म्हणायला लागला, "प्रभू, मला हप्त्याची भीती वाटते."

दुसरी पायरी : सकाळी पहारेकरी बसवा

स्तोत्र १४१ मध्ये तिसऱ्या वचनात दावीद देवाला विनवतो की, माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. हे एकच वचन पाठ करा. घराबाहेर पडताना, गाडीला किल्ली लावताना म्हणा. याकोब स्पष्ट सांगतो की पशू, पक्षी, सरपटणारे प्राणी सगळे माणसानं वश केले, पण जीभ कुणालाच वश करता आलेली नाही. म्हणून ही प्रार्थना शोभेची नाही. जे काम आपल्याच्यानं होत नाही, ते करणाऱ्याला रोज सकाळी कामावर बोलावणं आहे.

पहारेकरी म्हटलं की मला आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका आठवतात. येणाऱ्या प्रत्येकाला ते रजिस्टर पुढे करून विचारतात : कोण, कोणाकडे, काय काम? डोक्यात आलेल्या वाक्यालाही दारात थांबवून हेच विचारायची सवय लावून घ्या. मी हे कुणाबद्दल बोलतेय? कुणाला सांगतेय? आणि काय काम आहे? इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल जवळपास हीच कसोटी देतो : गरजेपुरतं, समोरच्याची उन्नती करणारं, ऐकणाऱ्याला कृपा देणारं. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वाक्यं अडखळतात. "काम काही नाही, सहज आलो होतो," असं म्हणणारं वाक्य परत पाठवा.

शिव्यांबद्दल थोडक्यात

आईबहिणीवरून दिलेल्या शिव्या बंद. त्यांना सभ्य पर्याय शोधत बसू नका, "च्यायला"च्या जागी दुसरं काही आणण्यात दिवस जातात. कामावरच्या दोन मित्रांना एकदाच सांगून ठेवा, "मी सोडतोय, चुकलो तर टोका." ते हसतील. चार दिवसांनी तेच तुमच्यासमोर जपून बोलायला लागतात, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे.

तिसरी पायरी : भांडणात "तुम्ही" सोडू नका

मराठीत राग कुठे चढतो ते ओळखायची सोपी खूण आहे. माणूस "तुम्ही"वरून "तू"वर उतरतो. द्वारकेच्या चौकात दोन गाड्या घासल्या की पहिलं वाक्य "अहो, बघून चालवा ना" असतं, तिसऱ्या वाक्याला "तुला दिसत नाही का रे" होतं, आणि तिथून पुढे परतीची वाट नसते. म्हणून नियम करा : अनोळखी माणसाशी कितीही वाजलं तरी अहोजाहो सोडायचं नाही. "तुम्ही" म्हणत शिवी देणं फार अवघड जातं, करून बघा.

मृदू उत्तरानं राग निवतो, असं नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायाचं पहिलंच वचन आहे. मृदू म्हणजे शरणागतीचं नव्हे. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीकाठी, मेथीच्या जुडीचा भाव तुम्ही जरूर करा. पण "लुटायला बसलात का" हे वाक्य आणि "मावशी, जरा कमी करा ना" हे वाक्य, दोन्हींनी भाव तेवढाच उतरतो. पहिल्या वाक्यानंतर ती बाई दिवसभर काय घेऊन बसते, याचा आपण विचार करत नाही.

घरातलं आणखी कठीण. बाहेर जपून वापरलेली जीभ घरी आल्यावर चप्पल काढावी तशी मोकळी सुटते. घरापुरती तीन वाक्यं मी नव्या जोडप्यांना कागदावर लिहून देते आणि त्यावर काट मारायला लावते : "तुला काही कळत नाही", "तुझ्या आईनं हेच शिकवलं का", आणि "तू नेहमीच असं करतोस". तिसरं साधं दिसतं, पण त्यातल्या "नेहमीच"मुळे समोरच्याची दहा वर्षं एका झटक्यात पुसली जातात. त्याऐवजी आज काय झालं तेवढंच बोला. याकोबाचा क्रमही लक्षात ठेवा : ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद. ऐकणं पहिलं आहे. टीव्ही बंद करून, मोबाईल पालथा ठेवून.

चौथी पायरी : प्रार्थनेच्या नावाखालची कुजबुज

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे नवे लोक फसत नाहीत, आम्ही जुने फसतो, आणि मग नवे आमच्याकडून शिकतात.

माझी गोष्ट सांगते. मंडळीतल्या माझ्या एका जवळच्या मैत्रिणीचा मुलगा मोबाईलवरच्या जुगारात पैसे हरला. कर्ज झालं. तिनं स्वयंपाकघरात माझ्याजवळ रडत हे सांगितलं. त्या मंगळवारी महिलांच्या प्रार्थनेत विनंत्या सांगायची वेळ आली, आणि मी म्हणाले, "नाव घेत नाही, पण आपल्यातल्याच एका बहिणीच्या मुलासाठी विशेष प्रार्थना करू या, तो वाईट सवयीत अडकला आहे, कर्ज झालं आहे." एकीनं विचारलं, "पंचवटीतल्या का?" मी गप्प बसले. ते गप्प बसणं हेच उत्तर झालं. अकरा बायका होत्या. आम्ही डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली, हे खरं आहे. रविवारपर्यंत ती गोष्ट त्या मुलाच्या कानावर गेली, हेही खरं आहे.

त्या रविवारी माझी मैत्रीण शेवटच्या बाकावर बसली आणि आशीर्वचनाआधीच निघून गेली.

सोमवारी मी तिच्या घरी गेले. ती खाली बसून मेथी निवडत होती. "ये" म्हणाली, हात थांबवले नाहीत. मी म्हणाले, "माझं चुकलं. तू विश्वासानं सांगितलंस आणि मी ते सगळ्यांत नेलं." ती पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला करत राहिली. खूप वेळानं म्हणाली, "प्रार्थनाच करायची होती ना? मग देवाला सांगायचं. त्या अकराजणींना कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आताही नाही. मी नंतर त्या अकराजणींपैकी प्रत्येकीकडे गेले. "मी सांगायला नको होतं, तुम्ही हे पुढे नेऊ नका," असं सांगितलं. पंधरा दिवस लागले. मैत्रीण पुन्हा बोलायला लागली. तिचा मुलगा तरुण संघात परत आला नाही. नाताळच्या उपासनेला येतो, मागे उभा राहतो.

तेव्हापासून मी काही गोष्टी कटाक्षानं पाळते आणि तुम्हालाही सांगते. दुसऱ्याची गोष्ट प्रार्थनेत ठेवायची असेल, तर आधी त्यालाच विचारा : "हे मी सगळ्यांत सांगू का? किती सांगू?" त्यानं नाही म्हटलं तर घरी गुडघे टेका, तिथे कुणी अडवत नाही. नाव न घेता खुणा देऊ नका. "एका कुटुंबासाठी" एवढं पुरे, देवाला पत्ता माहीत आहे. आणि दुसरं कुणी तुमच्याकडे "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणत आलं, तर पहिल्याच वाक्यानंतर म्हणा, "चला, आत्ताच करू या," आणि डोळे मिटा. प्रार्थनेसाठी आलेली व्यक्ती प्रार्थना करते. गोष्ट सांगायला आलेल्या व्यक्तीला अजून बरंच सांगायचं राहिलेलं असतं, ती थोडी खट्टू होते. वाईट वाटून घेऊ नका.

व्हॉट्सअॅप ग्रुपलाही हेच. सरपण संपलं की आग विझते, आणि कानगोष्टी करणारा नसला की भांडण मिटतं, असं नीतिसूत्रांत सव्विसाव्या अध्यायात आहे. रात्री अकराला लिहिलेलं उत्तर पाठवू नका. लिहून ठेवा, सकाळी चहा झाल्यावर वाचा. आणि वाद चालू असताना नुसतं वचन टाकून गप्प बसू नका. वचनानं चापट मारता येते, आणि ती जास्त लागते, कारण मार खाणाऱ्याला उलट बोलायची सोय राहत नाही.

पाचवी पायरी : खरं बोलायला शिका

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मग तोंड शिवूनच बसावं. नवे विश्वासू असं करतात. कुणाचं चुकतंय हे दिसत असतं, पण "आपण ख्रिस्ती, आपण काय बोलायचं" म्हणून हसून सोडून देतात, आणि घरी येऊन बायकोजवळ सगळं ओकतात. यात सौम्यपणा नाही, फक्त पत्ता चुकला आहे.

याउलट टोक आपल्याकडे फार मिरवलं जातं : "मी बाबा स्पष्ट बोलतो, पोटात एक ओठात एक मला जमत नाही." स्पष्टपणा हा गुण आहे. पण असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, तुमचा स्पष्टपणा साहेबासमोरही असाच चालतो का? तिथे तो शब्द निवडत असेल, तर सुनेसमोरही निवडू शकतो.

पौल म्हणतो, प्रेमानं सत्य बोला. हे कसं दिसतं ते मी दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत पाहिलं. घडाची विरळणी चालली होती. छोटी कात्री घेऊन बायका एकेका घडातले मणी कापून टाकत होत्या. मी म्हटलं, "अगं बाई, एवढे चांगले मणी!" त्यातली एक म्हणाली, "ताई, हे काढले नाहीत तर बाकीच्यांना फुगायला जागा मिळत नाही." एका हातानं ती घड खालून अलगद धरायची, दुसऱ्यानं कापायची. धरणारा हात आधी जायचा, कात्री मागून.

कुणाला काही सांगायचं असेल तर हा क्रम ठेवा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं वाट घालून दिली आहे : भावाचा अपराध दोघंच असताना त्याला दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपण बहुतेक वेळा ही वाट उलट्या बाजूनं चालतो, आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि शेवटी त्या भावाला. हिशेबात तफावत वाटली, कुणी मुलांवर ओरडताना दिसलं, तर त्याच माणसाकडे जा, त्याच्या सोयीच्या वेळी, आणि प्रश्न विचारा, निकाल देऊ नका. एक अपवाद मात्र ठामपणे सांगते : लहान मुलाला किंवा स्त्रीला कुणी इजा करत असेल, तर तिथे गोड बोलण्यात आणि दोघांत मिटवण्यात वेळ घालवू नका. पीडित माणसाला आधी सुरक्षित करा, लगेच पोलिसांकडे जा. गप्प बसणं ही तिथे दया नाही.

सहावी पायरी : घरच्यांशी, जे तुमच्या वाटेवर नाहीत

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आई रोज देवासमोर दिवा लावते, वडील एकादशीला गंगेवर जातात. तुम्ही नवे आहात, अंगात उत्साह आहे, आणि पहिली चूक इथेच होते. घरच्यांच्या श्रद्धेविषयी तुच्छतेनं बोलू नका. एकदाही नाही. प्रेषितांच्या कृत्यांत एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरात पौलाच्या सोबत्यांविरुद्ध दंगा होतो. तेव्हा तिथला नगरलेखक, जो ख्रिस्ती नव्हता, जमावाला सांगतो की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. विरोधकांच्या गावातल्या अधिकाऱ्यानं दिलेलं हे प्रशस्तिपत्र आहे. तुमच्या काकांनाही तुमच्याबद्दल तेवढं म्हणता यायला हवं.

आईनं प्रसाद पुढे केला तर काय करायचं, हे तुमच्या पाळकसाहेबांशी नीट बोलून ठरवा. पण काहीही ठरलं तरी आईचा हात झिडकारायचा नाही. "आई, तू आठवणीनं आणलंस" हे वाक्य दोन्ही परिस्थितींत म्हणता येतं.

आणि टोमणे येतील. "बाटलास", "पैसे किती मिळाले" असंही ऐकावं लागेल. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात सांगितलं आहे, निंदेची फेड निंदेनं करू नका, उलट आशीर्वाद द्या. त्या क्षणी फार सुचत नाही, म्हणून एक वाक्य आधीच ठरवून ठेवा. आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणते, "आत्या, तुम्हाला वाईट वाटलंय हे कळतंय मला," आणि पाणी आणायला उठते.

या बाबतीत आपल्या नाशिककरांजवळ लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आहे. १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला त्यांचा जन्म झाला. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. दुःख, अपमान, लोकांचं बोलणं, सगळं सोसलं. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या आठवणी लिहिताना वडिलांचं टोकाचं सोवळं, सासरचा जाच, नवऱ्याचा लहरीपणा, काही लपवलं नाही. तरी वाचताना त्या माणसांचा तिरस्कार वाटत नाही, कारण लिहिणारीच्या मनात तो नाही. मी त्यांच्याकडून हे घेतलं की दुखावलेल्या माणसालाही खरं आणि प्रेमानं एकाच वाक्यात बोलता येतं.

सातवी पायरी : घसरलात तर

घसराल. मग पुढचं करा, आणि शक्यतो त्याच दिवशी, कारण सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका असं सांगितलेलं आहे.

काय बोललात ते नेमकं सांगा : "मी तुम्हाला सगळ्यांसमोर कामचुकार म्हणालो. ते चुकलं." त्यापुढे "पण" आला की माफी संपली, म्हणून "पण"च्या आधी थांबा. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हेही नको, त्यात चूक वाईट वाटणाऱ्याची होते. शब्द जिथवर गेले तिथवर माफी जायला हवी. ग्रुपवर बोललात तर ग्रुपवर मागा, अकराजणींत बोललात तर अकराजणींकडे जा. समोरच्यानं लगेच माफ केलं नाही तर हट्ट धरू नका, मेथी निवडू द्या.

आणि चांगलं बोलायचंही शिल्लक आहे

पहारा नुसता दार बंद ठेवायला नसतो, योग्य माणसाला आत-बाहेर सोडायलाही असतो. कौतुकाच्या बाबतीत आपण फार हात आखडतो. मुलाला शाबासकी दिली तर डोक्यावर बसेल, सुनेला म्हटलं तर शेफारेल. आमच्या शहरात शरणपूर ही वस्ती १८५४ मध्ये मिशनऱ्यांनी वसवली. पुढे गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे राहिली, शिकली. नावातच शरण आहे. कोर्टात, कारखान्यात, घरी दिवसभर बोलणी खाऊन आलेला माणूस रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसतो, तेव्हा त्याला आपल्या बोलण्यात थोडा वेळ टेकायला जागा मिळावी.

म्हणून या रविवारी एक काम करा. उपासनेआधी अर्धा तास कुणीतरी सतरंज्या झटकतं, माइक तपासतं, पाण्याचा जार भरतं. त्यांना शोधा. आधी नाव विचारा. मग त्यांनी केलेलं एक नेमकं काम सांगून आभार माना, "छान" एवढं म्हणून सटकू नका. अंबडच्या त्या तरुणानं हे पहिल्यांदा केलं ते आमच्या जार भरणाऱ्या काकांच्या बाबतीत. काकांनी हात पुसले आणि विचारलं, "तू कुठल्या पाळीला असतोस रे?" मग ते दोघं फाटकाशी बराच वेळ उभे होते.